खोडदच्या तबकड्या आणि भोवतालची खरखर

जुन्नर तालुक्यात खोडदजवळ असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीभोवती सध्या दोन चर्चा चालू आहेत, आणि त्या करणारी माणसे एकमेकांना क्वचितच भेटतात. एक चर्चा अभियंत्यांची: रिसीव्हर आणखी संवेदनशील करायचा की आधी भोवतालचा गोंगाट आवरायचा? दुसरी नारायणगाव, मंचर, आळेफाट्याच्या बाजारपेठांतली: या दुर्बिणीपायी आमची रेल्वे आणि कारखानदारी का अडावी? वरवर पाहता पहिला प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सचा आणि दुसरा राजकारणाचा. पण कोणता व्यत्यय यंत्र सोसू शकते, कोणता गाळता येतो आणि कोणता कशानेच जात नाही, हे समजल्याशिवाय कोणावर किती बंधने घालावीत हे ठरवता येत नाही. म्हणून आधी यंत्राकडे, मग शिवाराकडे आणि शेवटी रुळांकडे, अशा क्रमाने इथे जायचे आहे.

खरखर कमी होते, व्यत्यय होत नाही

रिसीव्हर किती क्षीण संदेश ओळखू शकतो हे त्याच्या स्वतःच्या खरखरीवर ठरते. कोणत्याही रोधकात केवळ त्याच्या तापमानामुळे विद्युत खरखर निर्माण होते, हे १९२८ साली जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिले. म्हणून रेडिओचे अभियंते आजही खरखर केल्व्हिनमध्ये, म्हणजे तापमानाच्या एककात, मोजतात. पुढे १९३३ मध्ये कार्ल जान्स्की याने जाहीर केले की अटलांटिकपारच्या दूरध्वनीला त्रास देणारी एक चिवट खरखर आकाशगंगेच्या मध्याकडून येते आहे. रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवातच अशी गोंगाटाच्या तपासातून झाली. या आकाशी खरखरीचा एक नियम आहे: कंप्रता जितकी कमी तितकी ती जास्त. १५० मेगाहर्ट्झला जीएमआरटीच्या तबकडीला आकाशच सुमारे ३०० केल्व्हिनचे दिसते. १४२० मेगाहर्ट्झला तेच जेमतेम चार-पाच केल्व्हिन उरते. त्यामुळे खालच्या पट्ट्यात रिसीव्हर एका मर्यादेपलीकडे शांत करून फारसे काही पदरात पडत नाही, वरच्या पट्ट्यात मात्र प्रत्येक केल्व्हिन मोलाचा ठरतो. घरातल्या रेडिओचेही असेच असते. आकाशवाणी पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झवरचे मध्यमलहरी केंद्र ऐकताना अडचण येते ती रेडिओ कमजोर असल्याने नव्हे. शेजारचा एलईडी दिवा किंवा इन्व्हर्टर केंद्रापेक्षा मोठ्याने बोलत असतो. अशा ठिकाणी महागडा रेडिओ आणला तर खरखरही तितकीच स्पष्ट ऐकू येते.

मग खरखरीत बुडालेला संदेश सापडतो कसा? खरखर ही यादृच्छिक असते. पुष्कळ मोजमापांची सरासरी काढली की तिचे चढ-उतार एकमेकांना खोडतात आणि खरा संदेश शिल्लक राहतो. चढ-उतार किती कमी होतील, हे पट्ट्याची रुंदी आणि निरीक्षणाचा वेळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेऊन तासभर निरीक्षण केले तर हे वर्गमूळ सुमारे बारा लाख येते. यंत्राची एकूण खरखर १०० केल्व्हिन असली, तरी तासाभराने केल्व्हिनच्या दहा-हजाराव्या भागाइतका फरक एकाच अँटेनाला ओळखता यायला हवा, निदान कागदावर तरी. एरवी अशक्य वाटणारी संवेदनशीलता या साध्या गणितातून मिळते. मात्र त्यात एक गृहीत आहे: जे नको आहे ते यादृच्छिक असले पाहिजे. माणसाने निर्माण केलेला व्यत्यय तसा नसतो. मोबाइलचा मनोरा, विजेच्या तारेवरची ठिणगी, विमानाचे दिशादर्शक यंत्र यांची सरासरी काढली तर उत्तर शून्याकडे जात नाही, ते तिथेच राहते. निरीक्षणाचा वेळ दहापट वाढवला की खरखर तिपटीने घटते आणि मघाशी तिच्याखाली झाकलेला व्यत्यय उघडा पडतो.

रेडिओ खगोलशास्त्राच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जो निकष ठरवला आहे तो याच हिशेबावर बेतलेला आहे. २००० सेकंदांच्या निरीक्षणातली अनिश्चितता दहा टक्क्यांनी वाढेल इतका व्यत्यय अपायकारक मानायचा, असा तो निकष. ऐकायला तो उदार वाटतो. पण ती अनिश्चितता मुळातच यंत्राच्या खरखरीच्या लाखाव्या-दहा लाखाव्या भागाइतकी असल्याने तिचे दहा टक्के म्हणजे किती, हे वेगळे सांगायला नको. या लेखातला माझा मुद्दा इथूनच निघतो: संवेदनशीलता आणि शांतता या एकमेकींच्या बदली वापरता येतील अशा गोष्टी नाहीत. रिसीव्हर सुधारला की शांततेची गरज घटत नाही, वाढते.

खोडदच का?

गोविंद स्वरूप यांच्या गटाने उटीजवळ ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण १९७० मध्ये सुरू केली होती. तिच्यानंतरच्या मोठ्या दुर्बिणीसाठी जागा शोधताना निकष अनेक होते. चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेला, म्हणजे आयनांबर तुलनेने शांत. तरीही दक्षिणेचे बरेचसे आकाश दिसेल इतके दक्षिणेला. वाऱ्याचा जोर कमी. पुण्याहून ये-जा सोयीची. आणि भोवती डोंगरांचा आडोसा असल्याने शहरी रेडिओ-गोंगाट अडलेला. सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावरचे, नारायणगावच्या पूर्वेचे खोडद या सगळ्यांत बसले. या परिसराची रेडिओ-शांतता हेरणारी जीएमआरटी पहिली नव्हे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी उपग्रहाद्वारे परदेशी दूरध्वनी जोडणारे विक्रम भू-केंद्र याच तालुक्यात आर्वीला उभे राहिले होते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, म्हणजे एनसीआरएने, इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या केल्या. चौदा तबकड्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात आहेत, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत साधारण २५ किलोमीटर अंतर आहे. ताणलेल्या दोरांवर पोलादी जाळी बसवण्याच्या स्वरूप यांच्या कल्पनेमुळे तबकड्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. दुर्बिणीच्या रचनेचा आपल्या विषयाशी संबंध असा, की ती कुंपणाच्या आत मावत नाही. तिचे हात ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या बागाईत शिवारातून गेले आहेत. अमेरिकेत ग्रीन बँकभोवती १९५८ मध्ये सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय रेडिओ-शांतता क्षेत्र घोषित झाले. दक्षिण आफ्रिकेने कारू प्रदेशासाठी २००७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. चीनने ग्वेझोतल्या ५०० मीटरच्या दुर्बिणीसाठी पाच किलोमीटरच्या परिघातली सुमारे नऊ हजार माणसे हलवली. ऑस्ट्रेलियाचे मर्चिसन तर जवळजवळ निर्मनुष्यच. या उदाहरणांचा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो, पण त्यांतले एकही जुन्नरला जसेच्या तसे लागू पडत नाही. इथली वस्ती दाट, शेती सिंचनाची, आणि प्रत्येक विहिरीवर मोटर.

३२ पासून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत

जगभरच्या संशोधकांना २००२ पासून खुली झालेली मूळ जीएमआरटी एका वेळी फार तर ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकत असे. हे पट्टे १५०, २३३, ३२७, ६१० मेगाहर्ट्झच्या आसपास आणि १००० ते १४५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान होते. त्यांतल्या काहींना कायद्याचा आधार आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत १५०.०५ ते १५३ आणि ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ हे पट्टे भारतात रेडिओ खगोलशास्त्राला प्राथमिक म्हणून खास तळटिपेने दिलेले आहेत. ३२२ ते ३२८.६ हाही खगोलशास्त्राचा पट्टा आहे. १४०० ते १४२७ मध्ये तर जगात कोणीच प्रक्षेपण करायचे नाही. हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा तिथे आहे म्हणून.

गेल्या दशकात दुर्बिणीचे नूतनीकरण झाले आणि एका वेळी ऐकायचा पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. आता १२० ते १४६० मेगाहर्ट्झमधला बहुतेक भाग चार मोठ्या पट्ट्यांत ऐकता येतो. ३२ च्या जागी ४०० म्हणजे साडेबारापट रुंदी, तिचे वर्गमूळ साडेतीन. तबकडी तीच, जाळी तीच, आणि संवेदनशीलता साडेतीनपट. हा फायदा खरा आहे आणि त्याची फळेही दिसली आहेत. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून त्यांतल्या हायड्रोजनचे मोजमाप २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये स्पंदकांच्या साहाय्याने अतिमंद गुरुत्वीय लहरींचा माग लागल्याच्या घोषणेत भारतीय गटाची जीएमआरटीवरची निरीक्षणे होती. त्याआधी, १९ ऑक्टोबर २०१६ रोजी, मंगळावर उतरू पाहणाऱ्या शियापरेली यानाचा काही वॅटचा संदेश खोडदला थेट ऐकू आला होता; उतरण्यापूर्वीच तो बंद पडला हे दुर्दैव यानाचे.

पण रुंदीची किंमतही आहे. ४०० मेगाहर्ट्झ ऐकायचे म्हणजे कायद्याने राखलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांच्या पार बाहेर जायचे, जिथे दुसऱ्यांना बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन १४२० वर सापडत नाही. विश्वाच्या प्रसरणाने त्याची कंप्रता घसरून ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास आलेली असते, आणि २०२२ च्या लिलावात विकल्या गेलेल्या ७०० मेगाहर्ट्झच्या फाइव्ह-जी पट्ट्यातले मनोरे ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झवर बोलतात. दुर्बिणीचा ५५० ते ८५० चा पट्टा त्यांना पोटात घेऊन बसला आहे. वरच्या पट्ट्यात जीपीएस आणि आपल्या नाविकचे ११७६ मेगाहर्ट्झवरचे संकेत आहेत, विमानांची अंतरमापक यंत्रेही आहेत. यातल्या कोणाकडेही नियमभंग म्हणून बोट दाखवता येत नाही. संवेदनशीलता वाढवण्याच्या निर्णयानेच दुर्बीण इतरांच्या हद्दीत गेली, हे शास्त्रज्ञांच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या कैफियतीत सहसा स्पष्ट येत नाही; ते यायला हवे.

मोठा आवाज आणि उंबरठ्याखालचा आवाज

व्यत्ययाचे ढोबळ दोन वर्ग पडतात. पहिला अरुंद पट्ट्यातला, ठरलेल्या जागी बोलणारा: मोबाइल, उपग्रह, विमान. त्याचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे तो इतका जोरकस असू शकतो की रिसीव्हरच्या पहिल्याच टप्प्यातले वर्धक गुदमरतात आणि शेजारच्या स्वच्छ पट्ट्यातही खोटे संकेत उमटतात. त्यावर उपाय म्हणजे वर्धकाच्या आसपास त्या पट्ट्याला अडवणारे फिल्टर बसवायचे आणि संगणकात ते रकाने वगळायचे. माहिती गमवावी लागते, पण उरलेली विश्वासार्ह राहते.

दुसरा वर्ग रुंद पट्ट्याचा. फुटका इन्सुलेटर, ढिला जंपर, तारेला घासणारी फांदी, यांतून उडणारी ठिणगी एकाच वेळी शेकडो मेगाहर्ट्झवर पसरते आणि विजेच्या ५० हर्ट्झच्या तालावर पुन्हा पुन्हा येते. कमी कंप्रतेला तिचा जोर अधिक. हिला फिल्टर लावता येत नाही, कारण तिचा पट्टा आणि दुर्बिणीचा पट्टा एकच. नव्या जीएमआरटीत यासाठी एक वेगळी युक्ती वापरतात: प्रत्येक अँटेनाच्या संकेताचे सांख्यिकी मध्यक क्षणोक्षणी पाहून त्यापासून फार दूर उसळलेले नमुने तिथल्या तिथे कापायचे. ठिणगी क्षणिक असल्याने फारसा वेळ वाया जात नाही. इथेच एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो: यंत्र इतके हुशार झाले असेल तर गावाला गप्प बसवायची गरज काय?

उत्तर उंबरठ्याच्या गणितात आहे. कापण्यासाठी आधी ओळखावे लागते, आणि ओळखण्यासाठी ठिणगी त्या क्षणीच्या खरखरीपेक्षा ठळकपणे वर यावी लागते. जी वर येते ती कापली जाते. दूरच्या, दुबळ्या, पण असंख्य ठिणग्या उंबरठ्याखालून आत येतात, आणि तासभराच्या सरासरीनंतर खरखर लाखपटींनी दबली की त्या शिल्लक राहतात. एक हिशेब करून पाहू. दहा किलोमीटरवर, मध्ये डोंगर नाही असे समजून, एखादे उपकरण एक मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वॅटचा फक्त दहा लाखावा भाग बाहेर सोडते आहे. तबकडीचा रोख तिकडे नसला, ती त्याला केवळ कडेने ऐकत असली, तरी ६०० मेगाहर्ट्झच्या सुमारास हा संकेत दीड-दोन जान्स्की तीव्रतेच्या आकाशस्थ स्रोताइतका भरतो. दुर्बिणीच्या सखोल चित्रांतली खरखर काही मायक्रोजान्स्की असते. दोहोंत काही लाखपटींचे अंतर आहे, आणि इतका दुबळा संकेत एकेका क्षणी मात्र खरखरीत पूर्ण लपलेला असतो.

याला प्रतिउत्तरही आहे, आणि ते वजनदार आहे. जीएमआरटी एक तबकडी नाही, तीस आहेत. दोन तबकड्यांचे संकेत गुणले की आकाशातला स्रोत पृथ्वीच्या भ्रमणाबरोबर एका ठरावीक गतीने सरकतो. जमिनीवरचा स्रोत स्थिर असतो. आकाशाची गती धरून सरासरी काढली की जमिनीवरचा गोंगाट बराचसा पुसला जातो, आणि दूरच्या तबकड्यांपर्यंत एकच ठिणगी बहुधा पोचतही नाही. म्हणजे लांब अंतरांच्या जोड्यांना निसर्गतः संरक्षण आहे. वरच्या हिशेबातले लाखपटींचे अंतर त्यामुळे प्रत्यक्षात पुष्कळ कमी होते. मात्र जवळच्या जोड्यांना हे कवच पातळ पडते. मध्यभागातल्या चौदा तबकड्या एकाच शिवारातली एकच ठिणगी ऐकतात, आणि विरळ पसरलेल्या वायूचे, आद्य विश्वाचे निरीक्षण नेमके याच जोड्यांवर चालते. स्पंदकांच्या शोधात तबकड्यांच्या शक्तीची नुसती बेरीज केली तर हे संरक्षण उरतच नाही, आणि विजेच्या तालावरचा गोंगाट स्वतःच स्पंदकासारखा वागू लागतो.

आद्य विश्वाच्या निरीक्षणात हा पेच सर्वांत स्पष्ट दिसला. पहिले तारे उजळताना हायड्रोजनचे काय झाले हे १५० मेगाहर्ट्झजवळ शोधणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जीएमआरटीच्याच तबकड्या वापरून परिसरातल्या विजेच्या तारांवरचे गोंगाटाचे स्रोत जमिनीवर कुठे आहेत हे शोधून काढले. कामगिरी मोठीच. या गटाने २०११ मध्ये संकेताची वरची मर्यादा सुमारे ७० मिलिकेल्व्हिन सांगितली होती. २०१३ मध्ये ती दुरुस्त करून २४८ केली, कारण आकाशगंगेचा झगमगाट गणिताने काढून टाकताना हवा असलेला संकेतही किती पुसला जातो हे आता मोजले गेले होते. इथे पुसले गेले ते आकाशगंगेचे तेज, तारांचा गोंगाट नव्हे. तरी इशारा दोन्हींना लागू पडतो. सफाईचा प्रत्येक गाळ आपल्याबरोबर थोडे धान्य घेऊन जातो, आणि किती गेले हे मोजण्याचे काम सफाईपेक्षा अवघड असते.

तीन भूमिका

पहिली भूमिका म्हणते, गोंगाट मुळाशीच थांबवा. परिसरात नव्या उद्योगाला जीएमआरटीची ना-हरकत लागते ती या भूमिकेतून. महावितरणच्या तारांवर ठिणग्या शोधून इन्सुलेटर बदलून घेणे, आवारात मोबाइल बंद ठेवायला लावणे, स्वतःची डिजिटल यंत्रे धातूच्या बंदिस्त खोल्यांत कोंडणे, हेही त्यातच आले. तिचे बळ असे की उंबरठ्याखालच्या आवाजावर दुसरा इलाजच नाही. तिच्या मर्यादाही तितक्याच ठळक. विद्युत उपकरणांच्या उत्सर्जनाची सर्वसाधारण मानके घरगुती रेडिओ आणि दूरचित्रवाणी वाचवण्यासाठी काही मीटरवर मोजून ठरवलेली आहेत. त्यांत पूर्ण बसणारे उपकरणही रेडिओ दुर्बिणीला जड जाऊ शकते. शिवाय कारखान्याला ना-हरकत मागता येते, हजारो विहिरींवरच्या सौर पंपांना कोण मागणार? सरकारच सौर कृषिपंप वाटते आहे, आणि या पंपांचे नियंत्रक वीज भराभर चालू-बंद करूनच चालतात. बिबट्याच्या भीतीने जुन्नर-आंबेगावात सौर कुंपणे, कॅमेरे, सायरन, वस्तीवरचे दिवे यांची मागणी वाढली आहे. त्या मागणीला नाही म्हणण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही दुर्बिणीकडे नाही.

दुसरी भूमिका सगळी भिस्त यंत्रावर ठेवते: जास्त बिट्सचे डिजिटायझर, चांगले फिल्टर, शिकणारी संगणक-प्रणाली. गेल्या वीस वर्षांतली प्रगती तिच्या बाजूने बोलते. तिची मर्यादा वर आलीच आहे. ती जास्तीत जास्त गोंगाट ओळखू शकते, सगळा नाही.

तिसरी वाटणीची. पट्टे, वेळ आणि दिशा यांचा आधीच समन्वय करायचा. मनोऱ्यांचा रोख वळवायचा, ताकद कमी करायची, ठरावीक निरीक्षणांच्या वेळी ठरावीक यंत्रे गप्प ठेवायची. कागदावर ही सर्वांत समंजस आहे. तिला दोन्ही बाजूंकडून सतत मनुष्यबळ आणि विश्वास लागतो, म्हणून ती सर्वांत कमी अमलात येते. एक ठिकाण मात्र असे आहे जिथे हितसंबंध आपोआप जुळतात: ठिणगी उडणारा इन्सुलेटर हा वीजपुरवठ्यातलाही दोष आहे. तो बदलला तर दुर्बिणीचा गोंगाट जातो आणि पावसाळ्यात शेतकऱ्याचा फीडरही कमी वेळा पडतो. या टापूत महावितरणच्या देखभालीवर जादा खर्च करणे हा सगळ्यांत स्वस्त खगोलशास्त्रीय उपाय असावा, असे मला वाटते.

रेल्वेचा प्रश्न

पुणे-नाशिक दरम्यान २०० किलोमीटर वेगाची, सुमारे २३५ किलोमीटर लांबीची रेल्वे चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी आखली गेली होती. जीएमआरटीवरच्या परिणामाचा मुद्दा आला आणि रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत सांगितले की त्या कारणाने ही आखणी पुढे नेता येत नाही. पर्याय म्हणून अहिल्यानगर आणि शिर्डीमार्गे जाणारा मार्ग पुढे आला. जुन्नर, आंबेगाव, खेड, संगमनेरमधून त्याला विरोध झाला. शिरूरचे खासदार अमोल कोल्हे आणि आमदार सत्यजीत तांबे यांनी मूळ मार्गाची मागणी लावून धरली.

विजेवरच्या रेल्वेत अडचण असते ती वरची तार आणि गाडीचा पेंटोग्राफ यांच्यातल्या स्पर्शाची. वेगात हा स्पर्श क्षणभर सुटतो आणि २५ हजार व्होल्टची ठिणगी पडते. ती रुंद पट्ट्याची असते, म्हणजे दुसऱ्या वर्गातली. वर ती एका जागी नसून धावती असते, त्यामुळे कोणत्याही एका इन्सुलेटरसारखी दुरुस्त करता येत नाही. ‘महामार्ग चालतो, मनोरे चालतात, मग रेल्वेच का नाही’ या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर एवढेच: मनोरा आपल्या पट्ट्यात राहतो, ठिणगी राहत नाही. पण हे उत्तर पुरेसे नाही. ठिणग्या किती, किती जोराच्या, डोंगर आणि खोलगट भाग त्यांतल्या किती अडवतील, तेवढ्या पट्ट्यात बोगदा किंवा आडभिंत घातली किंवा वरच्या तारेविना बॅटरीवर गाडी नेली तर काय उरेल, हे प्रश्न मोजमापाचे आहेत. ते लोकांना समजेल अशा भाषेत आणि आकड्यांत पुढे ठेवले गेले तरच ‘दुर्बीण की रेल्वे’ या दोन टोकांच्या मधल्या जागेची चर्चा होऊ शकेल.

स्थानिकांचा युक्तिवाद त्याच्या सर्वांत बळकट रूपात असा आहे: दुर्बिणीचा लाभ साऱ्या जगाला, शांततेचा भार मात्र काही तालुक्यांना. चाकणची कारखानदारी तासाभरावर दिसते, मुले तिथे नोकरीला जातात, नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा कांदा ट्रकने जातो, आणि ना-हरकतीच्या अटीची भरपाई कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. याला ‘विज्ञानाचे महत्त्व’ हे उत्तर होऊ शकत नाही, कारण महत्त्व कोणी नाकारलेलेच नाही. भार कोणी उचलायचा हा प्रश्न आहे. दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितकाच ठाम: उभ्या तबकड्या हलवता येत नाहीत, आणि एकदा गेलेली शांतता परत मिळवल्याची उदाहरणे फार थोडी. भारत ज्यात सहभागी आहे आणि ज्यासाठी केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये १,२५० कोटी रुपये मंजूर केले, ती एसकेए दुर्बीण आल्यावर खोडदची गरज संपेल, असेही कधीकधी म्हटले जाते. ते पटत नाही. एसकेएचे दोन्ही भाग दक्षिण गोलार्धात आहेत. उत्तरेकडच्या आकाशाचा मोठा पट्टा तिथून कधीच वर येत नाही. खोडदहून तो दिसतो, आणि दक्षिणेचाही बराचसा दिसतो.

अजून न सुटलेले

सगळ्यांत मोठी उणीव बेरजेच्या हिशेबाची आहे. ना-हरकत एकेका प्रकल्पाला दिली किंवा नाकारली जाते, पण दुर्बिणीला ऐकू येते ती सगळ्यांची बेरीज. दहा प्रकल्प एकेकटे निकषात बसले तरी मिळून बसतीलच असे नाही. अकराव्याला नाही म्हटले की त्याला अन्याय वाटतो, आणि वाटणे साहजिक आहे. परिसराचे एकूण ‘गोंगाटाचे अंदाजपत्रक’ ठरवून त्यात कोणाचा वाटा किती हे जाहीर केले, तर जुना गळका फीडर दुरुस्त करून नव्या उद्योगाला जागा करून देता येईल. अभियांत्रिकी दृष्टीने हे अशक्य नाही. अवघड आहे ते निकष उघडे करणे, कारण उघड्या निकषावर वाद घालता येतो.

आणि या सगळ्या बेरजेत आकाश धरलेलेच नाही. नेदरलँड्समधल्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये स्टारलिंक उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान अनाहूत उत्सर्जन होत असल्याचे दाखवले. पुढच्या वर्षी त्याच गटाला दुसऱ्या पिढीच्या उपग्रहांत ते बत्तीसपटींपर्यंत अधिक आढळले. हे उपग्रह त्या पट्ट्यात बोलत नाहीत. त्यांच्या पोटातली इलेक्ट्रॉनिक्स गळते आहे, आणि हेतुपुरस्सर नसलेल्या या गळतीला लागू होईल असा स्पष्ट आंतरराष्ट्रीय नियम नाही. जीएमआरटीचा १२० ते २५० चा पट्टा या गळतीत थेट सापडतो. २०२५ मध्ये स्टारलिंकला भारतात सेवेचा परवाना मिळाला, तरी उपग्रह खोडदवरून आधीपासूनच जात होते. त्यासाठी परवाना लागत नाही, आणि डोंगराचा आडोसाही उपयोगी नाही. अमेरिकेत दुर्बिणीचा रोख कुठे आहे हे उपग्रह कंपनीला तत्काळ कळवून त्या दिशेने शलाका न टाकण्याचे प्रयोग झाले आहेत. ते मुद्दाम केलेल्या प्रक्षेपणाला चालतात, गळतीला नाही. शिवाय १५० मेगाहर्ट्झला जीएमआरटीच्या एका तबकडीच्या नजरेत आकाशाचा तीन अंशांचा तुकडा असतो, म्हणजे पूर्ण चंद्राच्या सहापट रुंद. इतक्या रुंद नजरेतून उपग्रह चुकवायचे असतील तर दर तासाला किती वेळ टाकून द्यावा लागेल, हा आकडा उपग्रहांच्या संख्येबरोबर दर महिन्याला बदलतो आहे.